अठ्ठावीस तास आधी केलेला केक

आईची गेल्या वर्षी दोन माणसं गेली. एप्रिलमध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, वर गेले आणि डिसेंबरमध्ये शेजारच्या कांताकाकी सुरतला गेल्या. अण्णांच्या जाण्यात माझा काही हात नव्हता, तसं डॉक्टरांनी लेखी दिलेलं आहे. कांताकाकींच्या निरोपाचा विचका मात्र मी एकट्याने, कुणाचीही मदत न घेता केला.

अण्णा इंदूरच्या परदेशीपुऱ्यात एका कापडगिरणीच्या टाइम ऑफिसात होते. गिरणी बंद पडली, आम्ही राजेंद्र नगरात राहायला आलो आणि काही वर्षांनी, एके सकाळी दाढी करता करता, त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. जन्मभर लोकांना उशिरा येण्यावरून फैलावर घेणाऱ्या माणसाकडे एकच शब्द उरला, ‘चलो.’ भूक लागली, चलो. चादर ओली झाली, चलो. डॉक्टर तपासायला बसले, चलो! (डॉक्टर बिचारे दर वेळी दचकून उठायचे.) दोन वर्षं आम्ही त्या एका शब्दावर घर चालवलं.

त्या दोन वर्षांत रोज दुपारी दोनच्या ठोक्याला कांताकाकी यायच्या. सत्तरीच्या, एकट्या, गुडघे कुरकुरणारे, आणि जैन धर्माचे सगळे नियम काटेकोर पाळणाऱ्या. ‘आप सो जाओ, मैं बैठी हूँ,’ असं आईला सांगून जपमाळ घेऊन अण्णांच्या पलंगाशी बसायच्या. अण्णा म्हणायचे, ‘चलो.’ काकी म्हणायच्या, ‘कहाँ जाना है भाईसाब, बाहर धूप बहुत है.’ दिवसाच्या चोवीस तासांत आईला सलग झोप मिळायची ती तेवढीच. अण्णा गेले तेही त्याच वेळेला. मी कॉलेजात परीक्षेच्या सुपरव्हिजनला होतो, मोबाइल नियमाप्रमाणे बंद करून कपाटात. अकरा मिस्ड कॉल बघून धावत घरी पोचलो, तोवर काकींनी अण्णांचे डोळे मिटले होते आणि आईला घट्ट धरून बसल्या होत्या. मुलाने करायचं ते सगळं शेजारणीने करून झालं होतं. मी नुसता चपला काढून आत आलो.

आणि या बाईंनी दोन वर्षांत आमच्या घरचा एक दाणा तोंडात घातला नव्हता! त्यात माणुसकीचा काही प्रश्न नव्हता, प्रश्न आमच्या स्वयंपाकघराचा होता. आमच्याकडे कांद्याशिवाय फक्त चहा होतो. त्यांना कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काहीच चालत नसे आणि सूर्य मावळल्यावर तर पाणीसुद्धा नाही. आई रोज विचारायची, त्या रोज हात जोडायच्या, ‘फिर कभी.’

अण्णा गेल्यावर आई बोलेनाशी झाली. ‘हो’, ‘नको’ आणि ‘बघ तूच’ एवढ्यावर तिने सात महिने काढले. काकींशी मात्र दुपारी बोलायची. दाराआडून मला ऐकू यायचं. मग नोव्हेंबरात कळलं, की काकींचा मुलगा पीयूष त्यांना कायमचा सुरतला नेणार. त्या संध्याकाळी आई आपण होऊन माझ्या खोलीत आली.

‘सुहास, कांताभाभींना आपल्या घरातून कोरड्या तोंडाने नाही जाऊ द्यायचं रे. आमच्या दोघांचं सगळं केलं त्यांनी. एक घास गोड, आपल्या हातचा. एवढंच कर.’

सात महिन्यांतली तिची पहिली अख्खी वाक्यं! मी म्हणालो, ‘आई, मी पार्टी देतो.’

‘पार्टी नको रे. मी शिरा करते ना, गरम गरम. त्या समोर बसल्या असतानाच करते.’

‘शिरा? आई, शिरा काय, कुणीही करतं!’

‘कुणीही करतं म्हणूनच करू दे ना यार त्यांना,’ माझी बायको मेधा आतून ओरडली. ती इंदूरचीच, आणि नवऱ्याला ‘यार’ म्हणणं तिच्या माहेरचं वळण आहे. पण माझ्या अंगात तोवर संचारलं होतं. ज्या बाईंनी माझ्या बापाचे डोळे मिटले, त्यांना मी रव्यावर वाटेला लावणार? छे!

मी चॉकलेट लाव्हा केक ठरवला. वरून केक दिसतो, चमचा घातला की आतून पातळ गरम चॉकलेट वाहतं, तो. मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ मी पंधरा वेळा पाहिला. त्यांचं म्हणणं, केकचं मिश्रण आदल्या दिवशीच वाट्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा, पाहुणे आले की बारा मिनिटं ओव्हनमध्ये घाला आणि पार्टीत निवांत मिरवा. मिरवण्याचा भाग मला फार पटला. अण्णांच्या वेळी मी शेवटी पोचलो होतो. या वेळी मी सगळ्यांच्या आधी तयार असणार होतो.

शिवाय मी काही आंधळेपणाने उडी घेतली नाही. वही घेऊन काकींच्या घरी गेलो.

‘काकीजी, चॉकलेट चलेगा?’

‘हरी बिंदी देख के ले आना बेटा. पीयूष लाता है तो खाती हूँ.’

‘मैदा? दूध? घी?’

‘सब चलेगा. पर तू इतनी तकलीफ क्यों कर रहा है?’

मी सगळं टिपून घेतलं. अंडं नाही, मध नाही. आमच्या भांड्यांना जन्मजात कांद्याचा वास, म्हणून चौदा नव्या स्टीलच्या वाट्या, चार नवी पातेली आणि एक तांब्या. सूर्यास्त पावणेसहाला, म्हणून पार्टी चारला, केक बरोबर पाचला. हा तक्ता मी फ्रिजच्या दारावर चिकटवला. एवढी तयारी मी बारावीला केली असती, तर आज कुठल्या कुठे असतो! वहीत सगळं होतं. केक केव्हा केलेला चालेल, हा एक प्रश्न तेवढा मी काकींना विचारला नाही. तो मला प्रश्नच वाटला नाही, ती माझी हुशारी होती.

आधी सराव झाला. पहिल्या खेपेला लाव्हाच नव्हता. केक आरपार घट्ट, दाराला टेकू लावायच्या लायकीचा. दुसऱ्या खेपेला सगळाच लाव्हा. वाटी उपडी केली आणि चॉकलेट टेबलावरून थेट मेधाच्या नव्या कुर्त्यावर! तिसरी खेप जमली. चौथी मी नुसती खात्रीसाठी केली आणि पाचवी कौतुकासाठी. त्यात घरातली डबाभर साखर मिक्सरमधून पिठीसाखर होऊन गेली, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी दुपारी एक वाजता मी चौदाही वाट्या भरल्या. फ्रिजमध्ये जागा एकाच कप्प्यावर होती, मधल्या. तो अण्णांच्या इन्सुलिनचा कप्पा. आठ महिने तिथे कुणी साधं लिंबूही ठेवलं नव्हतं. मी क्षणभर थांबलो आणि मग सात-सातच्या दोन ओळींत वाट्या लावल्या. आई मागे येऊन उभी राहिली होती. ती बराच वेळ त्या कप्प्याकडे बघत होती.

‘आत्ताच का करून ठेवतोस?’ तिने विचारलं.

‘प्लॅनिंग, आई!’ आणि मी तिला आगाऊ तयारीचं महत्त्व या विषयावर सुमारे दहा मिनिटं ऐकवलं. (कॉलेजात मी मॅनेजमेंट शिकवतो. मुलं का झोपतात ते मला त्या दिवशीही कळलं नाही.)

‘बघ तूच,’ आई म्हणाली आणि आत गेली.

रविवारी चारला गल्लीतली दहा-बारा माणसं जमली. कांताकाकी पांढऱ्या सुती साडीत, पीयूषचा हात धरून आल्या आणि आईशेजारी सोफ्यावर बसल्या. दोघींनी एकमेकींचा हात हातात घेतला. बाकीच्यांसाठी बाहेरून कचोरी आणली होती, काकींच्या पुढ्यात काहीच नव्हतं. मी पाहुण्यांत ऐटीत फिरत होतो. व्हिडिओतल्या बाईंसारखा अगदी निवांत, मिरवत!

पावणेपाचला वाट्या ओव्हनमध्ये गेल्या. पाचला तीन मिनिटं असताना बाहेर आल्या. पहिली वाटी मी बशीत उपडी केली. वाटी सुटली, केक डौलात उभा राहिला. मी ती बशी दोन्ही हातांत धरून काकींपुढे नेली. आई पुढे सरकून बसली. इतक्या वर्षांत काकी पहिल्यांदा आमच्या घरचा चमचा हातात घेत होत्या.

त्यांनी चमचा घातला आणि आतून चॉकलेट असं झुळझुळत आलं! ‘अरे वाह!’ सगळे ओरडले. पीयूषने फोटो काढला. काकी हसल्या. चमचा भरून तोंडाशी नेला आणि केवळ माझं कौतुक करावं म्हणून त्यांनी विचारलं,

‘तू तो पूरे टाइम हमारे साथ ही बैठा था बेटा, इतने सारे बना कब लिए?’

इथे जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने लाजून खाली पाहिलं असतं. मी छाती पुढे काढली.

‘कल ही बना के रख दिए थे, काकीजी! पूरे अट्ठाईस घंटे पहले!’

चमचा थांबला. ओठांपासून दोन बोटं.

पीयूष छताकडे बघू लागला. काकींनी चमचा हळूच बशीत ठेवला, आवाजही न होऊ देता.

‘बेटा, रात का रखा हुआ... हमारे यहाँ बासी नहीं चलता.’

आता तरी मी गप्प बसावं की नाही? पण मी वादविवादात आंतरमहाविद्यालयीन बक्षीस मिळवलेला माणूस!

‘बासी कहाँ, काकीजी! फ्रिज में था!’

‘फ्रिज में भी बासी ही होता है, बेटा.’

‘पण शिजवलेलं नव्हतं ना! एकदम कच्चा घोल था!’

‘गीला आटा रात भर?’ काकींनी कानाला हात लावला. ‘वो तो और भी नहीं चलता!’

‘चार डिग्री तापमान था, काकीजी! त्यात एकही जंतू...’

‘सुहास!’ मेधा दातओठ खात पुटपुटली. ‘जंतूंचं नाव काढू नको यार! शिळ्यात जीव होतात, त्यांचा सगळा प्रश्नच तो आहे!’

मी गप्प झालो. फार उशिरा झालो. काकींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ‘मैंने पूछा ही क्यों,’ त्या आईला म्हणाल्या, ‘नहीं पूछती तो खा लेती ना, बहनजी. अब तो पता चल गया.’ त्यांना खायचं होतं हो! मनापासून खायचं होतं. माझ्या अठ्ठावीस तासांनी त्यांची वाट अडवली होती.

आणि तेव्हा आई उठली. घड्याळाकडे पाहिलं, पाच वाजून दहा मिनिटं. ‘भाभी, रुको. मैं शिरा करती हूँ. अभी के अभी. ताजा,’ म्हणाली आणि पदर खोचून स्वयंपाकघरात निघाली. आठ महिन्यांत तिला इतकी भरभर चालताना मी पाहिलं नव्हतं.

‘हाँ, मैं बैठी हूँ,’ काकी म्हणाल्या आणि पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

आईने साखरेचा डबा उघडला. रिकामा! तळाशी फक्त चमचा.

‘साखर कुठे आहे?’

मी फ्रिजच्या कप्प्याकडे पाहिलं. मेधाने माझ्याकडे पाहिलं. वरच्या फळीवरून गुळाची ढेप काढून आईने मेधाला चिरायला दिली, एका नव्या पातेल्यात दूध तापवायला ठेवलं आणि दुसरं नवं कोरं पातेलं घेऊन तुपावर रवा घातला. डब्यात रवा होता तेवढा सगळा. ती मंद आचेवर तो हलवायला लागली. बाहेर सगळे पाहुणे खिडकीशी जमले होते आणि पीयूष मोबाइलवर सूर्यास्ताची वेळ बघून दर दोन मिनिटांनी सांगत होता.

‘सत्ताईस मिनट, आंटीजी!’

‘चौबीस!’

रवा ढिम्म पांढरा. त्याला कुठे जायची घाई नव्हती. आई एकसारखी हलवत होती, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. तेवढ्यात गूळ चिरताना मेधाचं बोट कापलं आणि आई तिच्याकडे वळली. मला म्हणाली, ‘दोन मिनिटं हलव. नुसतं हलव.’

नुसतं हलव! मी कधी नुसतं काही केलंय? बाहेरून ‘उन्नीस!’ ऐकू आलं आणि मी विचार केला, आच दुप्पट केली तर वेळ निम्मा लागेल. मी गॅस मोठा केला. पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही. अर्ध्या मिनिटात रवा पांढऱ्याचा तांबूस न होता थेट काळा झाला आणि घरभर असा धूर पसरला, की पाहुण्यांतले दोघे फायर ब्रिगेडला फोन करायला निघाले.

आई आली. तिने पातेल्यात पाहिलं. गॅस बंद केला. मला वाटलं, आता ती ओरडेल, मला बोल लावेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त हात धुतले, पदर सोडला आणि बाहेर जाऊन काकींच्या शेजारी बसली. खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीमागे सूर्य उतरत होता. मेधा बोटाला चिंधी गुंडाळून दुकानात साखर-रवा आणायला धावली होती. ती परत आली तेव्हा काकींनी हात जोडून डोळे मिटले होते. दिवस संपला होता. आई तेव्हा रडली. अण्णांच्या वेळी रडली नव्हती इतकं रडली, काकींच्या खांद्यावर डोकं ठेवून, आणि मी हातात काळं पातेलं घेऊन दारात उभा होतो.

बाकीचे तेरा केक मात्र पाहुण्यांनी फस्त केले. ‘गजब बनाया भिया!’ म्हणाले. एकाने वर शेव भुरभुरून पाहिली आणि अजून एक मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला काकींची गाडी निघणार होती. मी पहाटेच उठून ताजी साखर, ताजा रवा, ताजं तूप ओट्यावर मांडून बसलो. कशालाही हात लावला नाही, आईची वाट पाहत होतो. आई उठली, ओट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘उचल ते. आज चौदस. आज त्यांचा उपास असतो. अन्न घेत नाहीत.’

संपलं सगळं.

आईने एक नवं पातेलं घेतलं, त्यात पाणी गाळलं आणि ते उकळायला ठेवलं. समोर उभी राहून तीन उकळ्या आणल्या. मग ते परातीत गार केलं, नव्या तांब्यात भरलं आणि झाकण ठेवून बाहेर गेली. काकींच्या पायरीवर दोघी बसल्या. उपासाच्या दिवशी काकी फक्त उकळलेलं पाणी घेत, तेही सूर्य उगवून अठ्ठेचाळीस मिनिटं झाल्यावर, हे आईला माहीत होतं. दुपारच्या त्या तासांत आई झोपेतून उठल्यावर त्या दोघी काय बोलायच्या, ते मला तेव्हा कळलं.

‘मम्मी, साढ़े सात बज गए, निकलें?’ पीयूषने विचारलं.

‘रुक जा,’ काकी म्हणाल्या. ‘टाइम होने दे.’

ड्रायव्हरने गाडी बंद केली. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही सगळे थंडीत उभे राहिलो. मग पीयूषने घड्याळ बघून मान हलवली. आईने ग्लास भरला. काकींनी तो दोन्ही हातांनी धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत सगळं पाणी प्यायल्या. ‘बस, बहनजी,’ म्हणाल्या, ‘अब हो गया.’ आईने त्यांच्या गालावरून हात फिरवला. गाडी वळली आणि रस्त्याला लागली.

आई रिकामा ग्लास छातीशी धरून तिथेच उभी होती. गल्ली रिकामी झाली तरी हलेना. मला फार भरून आलं. काहीतरी बोलायला हवं, तिला आधार द्यायला हवा, असं वाटलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणालो,

‘आई, मला सांगायचंस ना गं! मी कालच उकळून ठेवलं असतं.’